बग्गीची पाठ

बाळकुमच्या परशुरामने मुलीला सासरी पाठवण्यासाठी एका गोऱ्या साहेबाने विकायला काढलेली जुनी बग्गी घेतली. तिचा काळा रंग अगदी नव्यासारखा चमकत होता.

बग्गी दारात आली तेव्हा त्याची बायको सगुणा हिने कौतुकाने मागच्या फळीवर हात ठेवला. रंग तिच्या बोटांखाली दबला.

परशुरामने नाथा सुताराला बोलावलं. नाथाने रंग खरवडला, तशी खालून कुजकं लाकूड, गोणपाटाच्या चिंध्या आणि कशीतरी कोंबलेली, भेगा बुजवायची लांबी निघाली.

"फसवलं तुम्हाला, परशुरामभाऊ," नाथा म्हणाला. "हिच्यात पोरीला बसवू नका."

नाथाने पटाशीने लांबी उकरली आणि फळीला मुठीएवढं भोक पडलं. आतली पोकळी जेमतेम चार बोटं रुंद होती, आणि चहूबाजूंनी बंद होती.

नाथाचा हात थांबला.

"लांबी अजून ओली आहे. आणि ती आतून लावलीय."

"आतून कोण लावणार?" सगुणाने विचारलं.

भर दुपारच्या उन्हात तिघंही त्या भोकाकडे बघत राहिले.

आतून ओल्या लांबीचा एक गोळा भोकाच्या कडेवर आला, आणि एका अंगठ्याने तो सावकाश सारखा केला.