जिन्यापर्यंत नव्हे

इंटरनेट जोडणीचा करार, कलम सहा : ‘ऑप्टिकल फायबर ग्राहकाच्या जागेपर्यंत आणले जाईल.’

“आणलंय की, ताई. जिन्याखालच्या पेटीपर्यंत,” वायरमन शिडी आवरत म्हणाला. “तिथून वर तुमची जुनी तांब्याची तार आहेच.”

वैजूताईंनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. पडद्यावर त्यांची कर्णबधिर विद्यार्थिनी वर्गाला खुणांच्या भाषेत गोष्ट सांगत होती. हात दर दोन शब्दांनी गोठत होते. ताईंनी पुन्हा एकदा ‘परत सांग’ अशी खूण केली, तेव्हा वैतागून तिने ते खाली टाकले.

“आपलं चित्र अडकलं तरी आवाज पोचतो. हिचा आवाजच हातांत आहे.” ताईंनी करारावर बोट ठेवलं. “वाचा.”

‘जागा म्हणजे ग्राहक सेवा वापरतो ते घर.’

त्याने दोनदा वाचलं, मग फोन लावला. “साहेब, जिन्यात कुणी राहत नाही. ताईंचं बरोबर आहे. वर नेतोय.”

भिंतीला भोक पडलं. केसाएवढ्या काचेची केबल घरात आली.

मुलीने गोष्ट पहिल्यापासून सांगितली, एकदाही न अडकता. संपताच पडद्यावरच्या सगळ्या मुलांनी हात उंचावून बोटं भराभर हलवली.

“हे काय?”

“टाळ्या.”

वायरमनने ड्रिल खाली ठेवलं आणि दोन्ही हात वर केले.