गुरूचा चौथा चंद्र

"आज तीनच दिसायलेत, मास्तर," तात्याराव दुर्बिणीला डोळा लावूनच म्हणाले.

मुंजाजी मास्तरांनी वाकून बघितलं. गुरूचा पिवळसर गोळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत तीन ठिपके. चौथा चंद्र नव्हता.

"मागं गेला असंल. निघंल थोड्या वेळात."

पंच्याहत्तर सालचा मार्गशीर्ष चालू होता. वालूरच्या बौद्धवाड्यात, मास्तरांच्या अंगणात, दिवेलागणीनंतर दोघं रोज असे उभे असायचे. भिंगं हैदराबादेहून मागवून मास्तरांनी ती दुर्बीण स्वतः बनवली होती. सारं गाव बघायला येईल, असं त्यांना वाटलं होतं. वरच्या आळीतून आले एकटे तात्याराव. बागायतदार माणूस, पण सरळ बाजेवर बसले आणि मास्तरांच्या बायकोनं, कुसुमबाईंनी दिलेला चहा घरातल्याच कपातून प्याले. ते गेल्यावर मास्तर कितीतरी वेळ तो रिकामा कप हातात धरून बसले होते.

तात्यारावांनी मास्तरांना घरी मात्र कधी बोलावलं नव्हतं.

"मला काई न्हाई ओ," ते म्हणायचे. "पर आमची मंडळी लय सोवळ्याची. तुमाला काई बोलली तर मला खपायचं न्हाई."

मास्तरांना ते पटायचं. कुसुमबाईंना पटत नसे.

"इतका जीव हाय, तर पारावर बसतेत का तुमच्याजवळ?" त्यांनी एकदा विचारलं.

"एका माणसानं एकदम किती बदलावं?" मास्तर म्हणाले.

आजही तात्याराव चहा घेऊन उठले. "चौथा उद्या बघू," म्हणाले आणि गेले.

मास्तर एकटेच बघत राहिले. थोड्याच वेळात गोळ्यापासून जरा दूर, रिकाम्या काळोखात एक ठिपका उमटला. आधी आहे की नाही असा, मग बाकीच्या तिघांसारखा ठसठशीत. गुरूच्या सावलीतून चंद्र बाहेर आला होता. असं होतं हे मास्तरांनी वाचलं होतं, बघितलं कधीच नव्हतं.

हे तात्यारावांनी बघायलाच हवं होतं. मास्तर अनवाणीच निघाले. दुरूनच हाक मारायची, त्यांच्या बायकोच्या, सरजाबाईंच्या नजरेला पडायचं नाही, असं त्यांनी वाटेत ठरवलं.

दार सरजाबाईंनीच उघडलं. मास्तर झटकन मागं सरले.

"दुर्बिणीचे मास्तर ना तुमी?" त्या म्हणाल्या. "भाईर का उभे? या, आत बसा."

"नको वैनी. तात्यारावांला जरा बोलवा."

"आधी या तर. मी ह्यांला कवाची म्हणायले, मास्तरांला जेवायला आणा. तर म्हणतेत, मास्तर कुणाच्या घरी जात न्हाईत."

परसातून पाणी ओतल्याचा आवाज येत होता.

"एवढ्या थंडीत आंघोळ?" काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं.

सरजाबाईंनी पदर सावरला. त्यांची मान खाली गेली.

"काय सांगू, भाऊ. तुमच्याकडून आले की रोजच. डोक्यावरून पाणी घेतल्याबिगर घरात पाय ठेवत न्हाईत."