सुक्या बोंबलांची टोपली

पासष्टच्या युद्धात समुद्रात जायला बंदी होती, म्हणून चिंचणीच्या होड्या किनाऱ्यालाच बांधून होत्या. भरती येई, त्यांना नुसती हलवून ओसरे. सीमेवरच्या निराधार मुलांसाठी मी, गावचा मास्तर, घरोघर कपडे मागत होतो. काशीबाई कोळणीने सुक्या बोंबलांची टोपली पुढे केली. “ती मुले मासे खात नाहीत, काशीबाई.” “उपाशी पोरानं मग काय सदरा चावायचा, मास्तर?” पालघर स्टेशनावर पार्सलबाबूने नाक दाबून टोपली नाकारली. परत वाहून आणण्याचे त्राण नव्हते. ती हमालांना देऊन टाकली. पंधरवड्याने काशीबाईने दारातून हाक मारली. “पोचले? पोरांना आवडले?” खरे सांगण्याइतके बळ माझ्यात उरले नव्हते. “आवडले,” मी म्हणालो. ती आत जाऊन दुसरी टोपली घेऊन आली. “मग हे पण धाडा. होड्या सुटल्या की आमी नवं सुकवू.” तिच्यामागे चुलीपाशी तिची नातवंडे नुसता भात जेवत होती.