शेवटची बशी

"उंदरांना चालतं ते मला कसं चालेल गं? मी काय उंदीर आहे?" शस्त्रक्रियेच्या आधी, आपल्या रक्तवाहिनीचा तुकडा, एरवी उंदरांवर प्रयोग करणाऱ्या लेकीच्या प्रयोगशाळेला देण्याच्या कागदावर सही करताना आई हसून म्हणाली होती.

आई जाऊन तीन महिने झाले. तिच्या जिवंत पेशींची आता एकच बशी उरली होती. लेकीने सवयीने तीत उंदराचं वाढीचं प्रथिन घातलं. दोन दिवस पेशी ढिम्म. उंदराचं हे प्रथिन फक्त लसीकावाहिन्या, म्हणजे शरीरातला रंगहीन द्रव वाहून नेणाऱ्या नळ्या, वाढवतं, माणसाचं मात्र रक्तवाहिन्याही, हे आठवलं तशी तिने माणसाचं घातलं.

सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि ती बघतच राहिली. पेशीपेशीला कोवळे धुमारे फुटले होते.

"बरोबर होतं तुझं, आई," ती पुटपुटली. "उंदीर नाहीस तू."