अस्सल पत्रा

शोरूममधल्या चिमुकल्या गाडीच्या बॉनेटवर नवऱ्याने असा गुद्दा हाणला की सेल्समन दचकला.

"डबडं आहे हे डबडं! आमची जुनी बघा, अस्सल पत्रा! डिकीत अख्खा माणूस कोंबून झाकण आपटा, बाहेर हूं की चूं ऐकू येणार नाही."

शेजारी उभ्या बायकोने उखडलेल्या नखांचा हात झटकन मागे लपवला. सेल्समनला तो दिसलाच.

"हिच्या डिकीतून सीट ढकलून बाहेर पडता येतं," तो तिलाच म्हणाला.

चार दिवसांनी ती एकटीच आली. "हीच द्या."

"साहेब नाही आले?"

"आलेत की. जुन्या गाडीत आहेत."

सेल्समन धावत बाहेर गेला. जुन्या गाडीत पुढे-मागे कुणीच नव्हतं. त्याने डिकीला कान लावला.

साहेब खोटं बोलले नव्हते.