टेकू

खोदाई मशीनवाल्याच्या घरात पिढ्यानपिढ्या गोष्ट सांगत: डोंगरपायथ्याचा उभा दगड म्हणजे आपला मूळपुरुष, घसरता डोंगर हाताने थोपवता थोपवता दगड झाला. म्हणून येताजाता घरचे सगळे त्याला घटकाभर पाठीचा टेकू देत. म्हाताऱ्याला तेवढाच विसावा. आज तिथेच रस्ता रुंदीकरणाचं काम मशीनवाल्याच्या गळ्यात पडलं. "तेवढा दगड सोडून खण," आईने सकाळी बजावलं होतं. "गोष्टींनी पोट भरत नाही," पुटपुटत त्याने दगड मशीनने उपटलाच. मागच्या कातळात खोल पंजा उमटलेला. सहा बोटांचा, थेट त्याच्या स्वतःच्या हातासारखा. वरून खडे घरंगळू लागले. खाली त्याचंच घर होतं. त्याने झेपावून पंज्यात हात रोवला, खडे थांबले. हात काढला, पुन्हा सुरू. दुसऱ्या हाताने फोन लावला. "आई, म्हाताऱ्याला दगड व्हायला किती दिवस लागले गं? माझी बोटं आत्ताच गार पडलीत."