डब्याखालचे ठोके

टक्, टक्. डब्याखालून दोन ठोके आले आणि सोमनाथचा हात खटक्यावरच थांबला.

"आता काय झालं?" धनराज साहेब वैतागले. "सगळे वर आलेत, हजेरी घेतली. पाहुणे ताटकळलेत. सोडा करंट!"

जग अख्ख्या डब्याला बोगी म्हणतं. नाशिकच्या या कारखान्यात बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. आज पाहुण्यांसमोर चाचणीला काढलेल्या नव्या बोगीला वीज डोक्यावरच्या तारेतून नव्हे, जमिनीलगतच्या तिसऱ्या रुळातून मिळणार होती. तो रूळ डाव्या हाताला. त्याला टेकून वीज घ्यायला बोगीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी बूट. सगळे बूट आतून जोडलेले. डावा टेकला की उजवीकडचा मोकळा दिसणारा बूटही तेवढाच मारका.

ठोक्यांची भाषा मात्र जुनी. खालून दोन म्हणजे "मी खाली आहे". वरून तीन म्हणजे "बाहेर ये". अकरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कारखान्यात, घोटीच्या काळूने असेच दोन ठोके दिले होते. गोंगाटात सोमनाथला वाटलं, भास झाला. त्याने खटका उचलला. तेव्हापासून खटक्याला हात लावला की दोन ठोके ऐकू येतात. गंगापूर रोडचा कानाचा डॉक्टर झाला, त्र्यंबकला नारायण नागबळी झाला, गुण काडीचा नाही. काळू रोज हिशोब मागतो, अशी सोमनाथची खात्रीच होती. त्याने एकदाही उत्तर दिलं नव्हतं. देणार कुठल्या तोंडाने?

रोज दोन ठोके पडत आणि सारं शांत होई. आज थांबेनात. टक्, टक्. पुन्हा टक्, टक्.

"सोमनाथ, खटका उचला, नाहीतर उद्यापासून येऊ नका!"

पोरीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि साहेब बोलल्या शब्दाला जागणारा. पण सोमनाथने खटका सोडला, हातोडी उचलली आणि डब्यापाशी जाऊन चाकावर तीन ठोके दिले. अकरा वर्षांचं साचलेलं त्या तीन ठोक्यांत होतं. त्याला रडू फुटलं. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

डब्याच्या उजव्या बाजूने कोणीतरी सरपटत बाहेर आलं. सरिता. महिन्यापूर्वी लागलेली फिटर. हातात लोखंडी मोजपट्टी.

"बुटाची उंची परत मोजत होते," ती चाचरत म्हणाली. "हजेरीनंतर गेले. करंटचा रूळ तर तिकडच्या बाजूला, म्हणून कोणाला सांगितलं नाही."

धनराज साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. सोमनाथने हातोडी खाली ठेवली. म्हणजे आजचे ठोके तरी खरे होते. जिवंत माणसाचे होते. त्याच्या जिवात जीव आला.

"शहाणी ग माझी बाय," तो डोळे पुसत म्हणाला. "ठोके दिलेस म्हणून वाचलीस."

"मी कुठं ठोकलं, काका?" सरिताने वळून डब्याखाली पाहिलं. "ते दादा ठोकत होते. मला म्हणाले, जाय पोरी वर, सोमनाथ या वेळी थांबंल."